करिअरचा प्रश्न दहावीच्या निकालापर्यंत का थांबतो?

दहावीचा निकाल ऑनलाइन लागतो तो दुपारी एक वाजता. त्या दिवशी मुंब्रा-कौशात, ठाण्याच्या राबोडीत किंवा कल्याणच्या दूधनाक्यावर आपल्या कोणत्याही घरात डोकावले तर चित्र साधारण सारखेच दिसते. दीड वाजेपर्यंत टक्के कळलेले असतात. संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर चाचा, मामू आणि शेजारचे एखादे शिकलेले गृहस्थ जमतात. ऐंशीच्या वर असतील तर सायन्स, साठ-सत्तर असतील तर कॉमर्स, त्याहून कमी असतील तर आर्ट्स, नाही तर 'दुकानात बसू दे'. मुलगी असेल तर घराजवळचे कॉलेज कोणते एवढेच पाहिले जाते. ज्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय चाललेला असतो तो कोपऱ्यात बसून मोबाइल पाहत असतो. कोणी त्याला विचारलेच तर तो म्हणतो, "तुम्ही सांगाल तसं."

या उत्तराला आपण मुलाचा आज्ञाधारकपणा समजतो आणि खूश होतो. आम्हाला मात्र हे उत्तर काळजीचे वाटते. सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःविषयी आणि कामाच्या जगाविषयी सांगण्यासारखे काहीच नसेल, तर मधल्या दहा वर्षांत आपण त्याला या बाबतीत काही दिलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून या लेखात आम्ही मुलांची परीक्षा घेण्याऐवजी आपली, म्हणजे घराची, शाळेची आणि मोहल्ल्याची परीक्षा घ्यायचे ठरवले आहे. कोणत्या वयाच्या मुलाला करिअरविषयी काय माहीत असावे, आणि ते त्याला माहीत आहे की नाही हे आपण कसे पाहावे, हा आमचा विषय आहे.

एका चाचणीने काय साधले?

महाराष्ट्रात हा प्रयत्न मोठ्या प्रमाणावर झाला आहे. २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' सुरू केली. श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने राज्यभरातील लाखो मुलांनी ती दिली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणीकडे आहे हे त्यातून सांगितले जाई. पुढे तिला अभिक्षमता चाचणीची जोड मिळाली. २०२० मध्ये युनिसेफच्या सहकार्याने नववी ते बारावीच्या मुलांसाठी 'महाकरिअर' पोर्टलही आले.

ही पावले चांगलीच होती. पण कल म्हणजे आवड, आणि आवड त्याच गोष्टीची असू शकते जी आपण पाहिली आहे. ज्या मुलाने आयुष्यात डॉक्टर, शिक्षक, पोलीस आणि दुकानदार एवढेच लोक पाहिले, त्याचा कल मोजला तर तो या चारांमध्येच फिरणार. थर्मामीटर ताप सांगतो, औषध देत नाही. तसेच दहावीच्या शेवटी घेतलेली चाचणी मुलाचा ओढा दाखवते, मागच्या दहा वर्षांची उणीव भरून काढत नाही. कित्येक घरांत तर तो अहवाल कपाटात गेला आणि प्रवेश टक्क्यांवरच झाला.

वय बदलते तसा प्रश्नही बदलतो

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अमेरिकेत एली गिन्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये असे मांडले की व्यवसायाची निवड हा एका दिवसाचा निर्णय नसतो, ती वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया असते. साधारण अकरा वर्षांपर्यंत मूल कल्पनेत रमते. आज पायलट, उद्या आईस्क्रीमवाला. अकरा ते सतरा या काळात ते आधी आपली आवड, मग आपली कुवत आणि मग आपल्याला महत्त्वाचे काय वाटते हे हळूहळू तपासते. सतराच्या पुढे ते प्रत्यक्ष परिस्थितीशी मेळ घालू लागते.

लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये याच्या उलट बाजूने विचार केला. मुले व्यवसाय निवडत जातात त्यापेक्षा जास्त ते गाळत जातात, असे त्यांचे म्हणणे. सहा ते आठ या वयात मूल ठरवून टाकते की अमुक काम मुलींचे, अमुक मुलांचे. नऊ ते तेराच्या दरम्यान ते कामांना मानाची पायरी लावते आणि 'हे आपल्यासारख्यांचे काम नाही' म्हणून वरची आणि खालची कितीतरी कामे यादीतून काढून टाकते. स्वतःला खरोखर काय जमते, काय भावते, याचा विचार त्यानंतर, चौदाच्या पुढे सुरू होतो. तोपर्यंत यादी लहान झालेली असते.

हे वाचताना आम्हाला आपलीच घरे आठवली. "वकील? आपल्यात कोण होतं वकील?" किंवा "मुलगी असून मशीनवर काम करणार?" अशी वाक्ये जेवताना सहज बोलली जातात. बोलणारा विसरतो. ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीच्या यादीतून मात्र एक ओळ कायमची खोडली जाते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. २०१८ मध्ये जगातील काही देशांत सात ते अकरा वयाच्या सुमारे २० हजार मुलांकडून 'मोठेपणी मी कोण होणार' याची चित्रे काढून घेण्यात आली. शाळेत भेटायला आलेल्या माणसाकडून आपल्याला या कामाची माहिती मिळाली असे सांगणारी मुले एक टक्काही नव्हती. २०२० च्या ओईसीडीच्या अहवालात ४१ देशांतील पंधरा वर्षांची मुले पाहिली, तर निम्म्या मुलामुलींची स्वप्ने केवळ दहा व्यवसायांत सामावलेली आढळली. आपल्याकडे 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील जवळपास निम्म्या मुलामुलींना, आपल्याला जे काम करायचे आहे त्या कामातला एकही आदर्श डोळ्यांसमोर नव्हता. तेव्हा हा दोष केवळ आपल्या समाजाचा नाही. पण आपल्याला त्याची किंमत जास्त मोजावी लागते. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले होते की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच गळाली होती. ज्या घरात शिकलेली पहिलीच पिढी शाळेच्या बाकावर बसली आहे, तिथे मार्ग सांगणारा माणूस घरात सापडत नाही. तो बाहेरून आणावा लागतो.

आता वयाप्रमाणे एकेक टप्पा पाहू.

पाचवीपर्यंत: कामे दिसू द्या

या वयात 'तू कोण होणार' हे ठरवून घेण्याची गरज नाही. 'इंजिनीअर' म्हणून टाळ्या मिळवणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला इंजिनीअर काय करतो हे माहीत नसते. या वयात एवढेच पाहायचे की मुलाला किती प्रकारची कामे दिसतात.

आपण राहतो तो भाग या दृष्टीने फार श्रीमंत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोहोचली. आज कल्याणला इंजिनांची मोठी शेड आहे. मोटरमन, गार्ड, सिग्नल सांभाळणारे, रुळांची तपासणी करणारे, ओव्हरहेड वायरची दुरुस्ती करणारे असे शेकडो लोक मुलाच्या डोळ्यांसमोर काम करत असतात. ठाण्यात वागळे इस्टेट आहे, जिथून १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली. डोंबिवलीत रासायनिक कारखाने आहेत. शेजारी भिवंडीत यंत्रमाग आणि गोदामे आहेत. लोकलने नानीकडे जाताना अब्बांनी मोबाइल खिशात ठेवून मुलाला एवढेच विचारावे, "ती वायर तुटली तर कोण जोडत असेल?" करिअर शिक्षण इथून सुरू होते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

तपासून पाहा: तुमचे मूल न अडखळता दहा वेगवेगळी कामे सांगू शकते का? त्यांपैकी तीन कामांत माणूस दिवसभर नेमके काय करतो हे त्याला सांगता येते का? आणि यातली कोणती कामे मुलींची नाहीत असे त्याला वाटते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. त्यात आपलेच बोलणे परत ऐकू येईल.

सहावी ते आठवी: हात लावून पाहू द्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कारागीर अशा स्थानिक लोकांसोबत काम करून पाहावे अशी कल्पना आहे. जुलै २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. आपल्या शाळेत हे दहा दिवस होतात का, झाले तर त्यात मुलांनी काय केले, हे पालक सभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. सहलीला आणि झेंडावंदनाला ते दिवस खर्ची पडत असतील तर तसे नम्रपणे सांगावे.

इथे एक गोष्ट मनापासून बोलायला हवी. आपल्यातले अनेक पालक स्वतः हाताचे काम करतात. शिवणकाम, वेल्डिंग, गॅरेज, एसी दुरुस्ती, फर्निचर. आणि तेच मुलाला म्हणतात, "शिकला नाहीस तर माझ्यासारखा होशील." मुलाच्या मनात यातून दोन गोष्टी बसतात. हाताचे काम म्हणजे शिक्षा, आणि अब्बा म्हणजे हरलेला माणूस. आपल्या परंपरेत हजरत दाऊद (अलै.) लोखंडाचे काम करत आणि हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. मग घरी वेगळे कशाला शिकवायचे? त्याऐवजी सुट्टीत चार दिवस मुलाला कामावर सोबत न्यावे, पण मजूर म्हणून राबवू नये. माप कसे घेतात, अंदाजपत्रक कसे काढतात, गिऱ्हाइकाशी कसे बोलतात, कुठे गणित लागते, हे दाखवावे. हिशेबात डोके चालणारा, हाताने नीट काम करणारा, माणसांशी छान बोलणारा अशी मुलाची वैशिष्ट्ये अशाच वेळी लक्षात येतात.

याच टप्प्यावर कागदपत्रांचेही एक काम आहे. जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर यांवर मुलाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असणे आपल्याकडे फार आढळते. कुठे शेख आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव अर्धेच. हे आठवीपर्यंत दुरुस्त करून घ्यावे. दहावीचे प्रमाणपत्र छापून आल्यावर प्रत्येक दुरुस्तीला चपला झिजतात. आठवीतच एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि मूल सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असावे लागते. विनाअनुदानित शाळेत नाव घालताना हे बहुतेकांना ठाऊक नसते.

तपासून पाहा: आपल्याला काय चांगले जमते हे मूल एका उदाहरणासह सांगू शकते का? घराबाहेरच्या किती कमावत्या माणसांशी ते त्यांच्या कामाविषयी बोलले आहे? उत्तर 'एकाशीही नाही' असे आले तर येत्या रविवारीच सुरुवात करा.

नववी-दहावी: कोणती दारे कुठे उघडतात?

आता माहितीचे वय सुरू होते. अमेरिकेतील जॉन क्राइट्स यांनी करिअरविषयीची परिपक्वता मोजण्यासाठी जी चाचणी बनवली, तिचे भारतीय रूपांतर निर्मला गुप्ता यांनी केले. या चाचणीत मुलाच्या दृष्टिकोनाबरोबर पाच क्षमता पाहिल्या जातात: स्वतःची पारख, व्यवसायांची माहिती, ध्येयाची निवड, त्यासाठीची आखणी आणि अडचण आली तर तोड काढणे. आपल्या मुलांकडे पहिल्या दोन गोष्टी थोड्याफार असतात. शेवटच्या दोन जवळजवळ कोणी शिकवतच नाही.

आखणी म्हणजे मार्ग माहीत असणे. दहावीनंतर तीनच रस्ते आहेत हा समज चुकीचा आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला मुलगा पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. डिप्लोमा झालेला मुलगा अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. म्हणजे आयटीआयच्या वर्कशॉपमधूनही इंजिनीअरच्या पदवीपर्यंत रस्ता जातो, फक्त वाटेत कमाईही करता येते. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, शिवाय उल्हासनगर आणि अंबरनाथला शासकीय आयटीआय आहेत. काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी दुसरी पाळी चालते, त्याची चौकशी जरूर करावी. मध्य रेल्वे शिकाऊ उमेदवार घेते तेव्हा त्यात कल्याणच्या शेडचाही समावेश असतो. दहावीला ५० टक्के गुण आणि संबंधित ट्रेडचे आयटीआय प्रमाणपत्र एवढी त्याची मुख्य अट असते. ज्या शेडसमोरून आपली मुले रोज लोकलने जातात, तिच्या आत जाण्याची वाट त्यांना माहीत नसावी, ही गोष्ट आम्हाला टोचते.

बंद होणारी दारेही सांगायला हवीत. अकरावी सायन्सला गणित सोडले तर अभियांत्रिकीची वाट अवघड होते, जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय शाखेची. सायन्सचा विद्यार्थी पुढे कॉमर्स किंवा आर्ट्सकडे वळू शकतो, उलट येणे फार कठीण असते. पण म्हणून प्रत्येकाला सायन्समध्ये ढकलणे हाही उपाय नाही. नापास होऊन गेलेली दोन वर्षे आणि खचलेले मन परत मिळत नाही.

चाचणी घ्यायचीच असेल तर नववीच्या उन्हाळी सुट्टीत घ्यावी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था अभिक्षमता चाचणी आणि मार्गदर्शनाचे काम करते. तिची 'वेध' ही व्यवसाय-प्रबोधन परिषदही प्रसिद्ध आहे. चाचणीचा अहवाल मिळाल्यावर समुपदेशकांसमोर मुलासोबत अम्मी-अब्बा दोघांनी बसावे. अहवाल म्हणजे फतवा नव्हे. तो बोलणे सुरू करण्याचे एक निमित्त आहे.

तपासून पाहा: मूल आपल्या पसंतीच्या कामापर्यंत जाणारे दोन वेगवेगळे मार्ग सांगू शकते का? प्रवेश परीक्षेचे नाव, वर्षे आणि अंदाजे खर्च त्याला माहीत आहे का? आणि पहिला मार्ग बंद झाला तर दुसरा कोणता, हे त्याने ठरवले आहे का?

अकरावी-बारावी: स्वप्न आणि हिशेब एकत्र

या वयात घराची खरी परिस्थिती मुलापासून लपवू नये. किती पैसे आहेत, किती कर्ज झेपेल, घरातल्या कोणाची जबाबदारी आहे, हे सतरा वर्षांच्या मुलाला कळले पाहिजे. ते कळले की मूल स्वतःच शिष्यवृत्ती शोधू लागते. प्रशासकीय सेवेचा विचार असेल तर ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून याच कामासाठी आहे. लोकलच्या भाड्यात पोहोचता येते अशा ठिकाणी ती असूनही मोहल्ल्यात तिचे नाव क्वचितच कानावर पडते.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक मागास आणि सामाजिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी-मन्सुरी असे आपल्यातले अनेक समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात किंवा गावच्या जुन्या नोंदीत सापडतो. प्रवेशाच्या आठवड्यात शोधायला निघालात तर तो हाती लागणार नाही. म्हणून मुलगी नववीत असतानाच गावी एक फेरी मारा. मुलीच्या करिअरसाठी अब्बांनी करायचे हे सर्वांत मोठे काम असू शकते.

तपासून पाहा: मुलगा किंवा मुलगी पुढच्या तीन वर्षांची आखणी एका पानावर लिहू शकते का? आणि ते पान तुम्ही वाचले आहे का?

मोहल्ला काय करू शकतो?

मुंबईत १९४७ मध्ये पारसी पंचायतीने आपल्या मुलांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातील अशा अगदी सुरुवातीच्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. लहानशा समाजाने सरकारची वाट न पाहता ते केले. आपल्याकडे जमाती आहेत, मस्जिदींचे हॉल आहेत, भिवंडीत रईस हायस्कूल चालवणाऱ्या कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीसारख्या जुन्या शिक्षणसंस्था आहेत. माणसांचीही कमतरता नाही. आपल्याच इमारतीत नर्स आहे, रेल्वेत टेक्निशियन आहे, हायकोर्टात जाणारी वकील आहे, डोंबिवलीच्या कारखान्यात सेफ्टीचे काम पाहणारा तरुण आहे. मे २०२४ मध्ये डोंबिवलीत झालेल्या भीषण स्फोटानंतर त्या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

महिन्यातून एका रविवारी यांच्यापैकी एकाला बोलवावे. भाषण नको. त्यांनी चारच गोष्टी सांगाव्यात: मी दिवसभर काय करतो, इथवर कसा पोहोचलो, कुठे चुकलो आणि सुरुवातीला किती पगार होता. मुलांनी प्रश्न विचारावेत. सहावीच्या आणि दहावीच्या मुलांना वेगळे बसवावे, कारण त्यांचे प्रश्न वेगळे असतात. वर्षभरात बारा माणसे होतात. बारा कामे मुलांच्या यादीत परत येतात.

निकालाचा दिवस दरवर्षी येणारच आहे. चाचाही येतील, मामूही येतील, आणि यावेतच, कारण त्यांची माया खरी आहे. आमची इच्छा एवढीच की त्या संध्याकाळी कोपऱ्यात बसलेल्या मुलीला कोणी विचारले तर तिने मोबाइल बाजूला ठेवावा, घडी घातलेला एक कागद काढावा आणि म्हणावे, "अब्बा, मी दोन मार्ग लिहून ठेवलेत. आधी हा बघा."